पान ओळखणारं दुकान

जाड सिगारचं मला कधीच आकर्षण वाटलं नाही. माझी आवड बारीक सिगारची. करंगळीएवढी जाड, वीतभरापेक्षा थोडी आखूड. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी, जेवण उरकून, बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या गच्चीवर मी ती पेटवतो. ती संपेपर्यंत फोन खाली घरात असतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात मला कुणाशी बोलायलाही नको वाटतं.

बारीकच का, असं पुष्कळ जण विचारतात. सिगारमध्ये तीन थर असतात. आत भरण, ते धरून ठेवणारं एक पान, आणि सगळ्यात वरून गुंडाळलेलं शेवटचं पान. जाड सिगारमध्ये भरणच एवढं असतं की वरच्या पानाची चव त्यात हरवून जाते. बारीक सिगारमध्ये त्या पानाचा वाटा मोठा. पान चांगलं असेल तर ते पहिल्या चार झुरक्यांत बोलायला लागतं, आणि खोट असेल तर तीही तिथंच उघडी पडते. मला पानाची चव पाहिजे असते, म्हणून बारीक.

ही समज मला बेळगावच्या बाजारातल्या एका तंबाखूच्या दुकानानं दिली. पण त्याआधी निपाणीबद्दल सांगायला हवं, कारण मी मूळचा निपाणीचा.

आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना तंबाखूच्या वखारी होत्या आणि वडील त्यातल्याच एकीत दिवाणजी होते. आजोळी शेतात तंबाखू असायची. पावसाळ्यात रोपांचे तरवे टाकायचे, मग लावण. झाडं कमरेला लागली की शेंडे खुडायचे, बगलेतले फुटवे काढायचे. ते काम करणाऱ्यांच्या बोटांवर चिकट काळा थर बसायचा, तो साबणानंही निघत नसे. संक्रांतीच्या पुढंमागं कापणी. कापलेली झाडं तशीच रानात उन्हात वाळत पडायची. वाळलेलं पान उचलायचं मात्र भल्या पहाटे, दव अंगावर असताना. ऊन चढलं की हात लावला तरी चुरा होतो. थंडीत कुडकुडत मामासोबत रानात गेल्याचं आणि दवानं मऊ पडलेल्या त्या पानाचा गोडसर, जरासा घोड्याच्या तबेल्यासारखा वास छातीत भरल्याचं मला स्पष्ट आठवतं.

वडील पान तपासायचे ते बोटाभोवती गुंडाळून. तुटलं तर फार कोरडं, बोटाला चिकटून राहिलं तर ओलं, आणि सोडल्यावर सावकाश उलगडलं तर बरोबर. मग उजेडात धरून पानावरचे तपकिरी ठिपके बघायचे. बिडीच्या तंबाखूला ते ठिपके पाहिजेतच, व्यापारी त्यावर भाव बोलतो.

वखारीत काम करायच्या त्या बाया. आमच्या शेजारच्या आक्का त्यातल्याच. तंबाखू झोडपायची, चाळायची, काड्या वेगळ्या करायच्या, दिवसभर धुरळ्यात. नाकाला पदर घट्ट बांधलेला असायचा तरी संध्याकाळी घरी आल्या की आधी अंगणात बसून खोकायच्या, आणि मग चूल पेटवायच्या. 1980 च्या आसपास प्रा. सुभाष जोशींनी या बायकांची संघटना बांधली, तेव्हा आक्का मोर्चात पुढं होत्या. त्याच सुमाराला, 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. मी शाळेत होतो. शेवटी गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या रात्री वडील जेवले नाहीत. ते वखारीचा पगार घेणारे आणि त्यांचे मेहुणे रस्त्यावर बसलेले. तंबाखूबद्दल बोलताना हे सगळं बाजूला ठेवून नुसतं चवीचं बोलणं मला जमत नाही.

कॉलेजला मी बेळगावला आलो. आर.पी.डी.ला इतिहास घेतला होता. शनिवारी बाजाराला चक्कर व्हायची, आणि अशाच एका चकरेत खडे बाजाराजवळच्या एका बोळात तो वास आला. निपाणीचा वास. मी वासाच्या मागोमाग गेलो.

दुकान एवढं अरुंद की दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. पण आत खोल होतं. डाव्या भिंतीला जमिनीपासून आढ्यापर्यंत लाकडी खण, प्रत्येकात वेगळी तंबाखू. आमच्याकडची, गुजरातेतल्या चरोतरची, खायची, ओढायची, मिश्रीसाठी भाजायची. उजवीकडं चिनी मातीच्या बरण्यांत तपकीर. बरणीचं झाकण निघालं की सगळं दुकान शिंकायचं. मधे पितळी तराजू आणि जुन्या ‘तरुण भारत’च्या कापून ठेवलेल्या चौकोनी पुड्या. मागं गादीवर मालक. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणू लागलो.

येळ्ळूर-कडोलीचे शेतकरी बाजाराच्या दिवशी यायचे, शहापूर-वडगावचे विणकर यायचे, कॅम्पातले निवृत्त लष्करी अधिकारी यायचे. मामा समोरच्याच्या भाषेत बोलायचे. एकाला “या, बसा की”, दुसऱ्याला “बर्री, कुंड्री”, तिसऱ्याशी उर्दू. बाहेर गावात सीमाप्रश्नावरून मोर्चा असो की बंद, त्या फळीवर मराठी आणि कन्नड माणूस मांडीला मांडी लावून तपकिरीची चिमूट घेत बसलेला मी पाहिला आहे. त्यांना कुणी तसं बसा म्हणून सांगितलेलं नव्हतं. तंबाखू चांगली मिळत होती, एवढंच.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला मामांनी माझी परीक्षा घेतली.

“डोळे मीट. हे कुठलं पान?”

“निपाणीचं.”

“ते कुणीबी सांगंल. झाडावर कुठं होतं? वरचं का खालचं?”

मी वास घेतला. नाकात झणका आला. वरचं पान कडक, खालचं मवाळ, हे वडिलांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेलं. “वरचं,” मी म्हणालो.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. “वखारीतल्या माणसाचा पोरगा दिसतोस. कुणाचा?”

त्या दिवसापासून मला गादीच्या कडेला जागा मिळाली. विकत काही घेत नव्हतो, विद्यार्थ्याकडं पैसे कुठले. मामा शिकवायचे, मी ऐकायचो. त्यांचं म्हणणं एकच, पाकीट आलं आणि माणसानं पान बघायचं सोडलं. पाकिटातलं कुठल्या रानात आलं, कुणी वाळवलं, विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यांच्या दुकानात एकही पुडी पान दाखवल्याशिवाय बांधली जात नसे. गिऱ्हाईक घाईत असलं तरी मामा थोडी तंबाखू तळहातावर घेऊन त्याच्या नाकाखाली धरायचे, मगच तराजूत टाकायचे.

माझ्याकडून त्यांना एकच गोष्ट मिळाली, असद बेगची. अकबराचा हा वकील विजापूरला आदिलशाही दरबारात गेला होता. तंबाखू त्यानं पहिल्यांदा तिथं पाहिली आणि परत जाताना रत्नं जडवलेल्या चिलमीसकट बादशहासाठी नेली. पोर्तुगीजांमुळं ती आधी आपल्या या भागात पोचली होती, उत्तरेला दरबारात तिचं नवल होतं. हकीम नको नको म्हणत होता तरी अकबरानं दोन-तीन झुरके घेतलेच. हे मी अभ्यास करताना वाचलं आणि धावत जाऊन मामांना सांगितलं. त्यानंतर वर्षभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मामा ते ऐकवत होते. “बादशहाला तंबाखू धाडली ती आपल्या मुलखानं,” असं म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची.

गादीखालच्या खणात एक लाकडी पेटी होती. त्यात चिरूट, म्हणजे आपल्याकडच्या सिगार, असायचे, तमिळनाडूतल्या दिंडीगलहून आलेले, बारीक आणि काळसर. कॅम्पातले एक कर्नलसाहेब आणि आणखी दोघं-तिघं सोडले तर त्याला गिऱ्हाईक नव्हतं. पण त्या पेटीची निगा मामा देवघरासारखी राखायचे. उन्हाळ्यात पेटीच्या कोपऱ्यात ओल्या वाळूची छोटी वाटी. बेळगावचा पाऊस सुरू झाला की ती वाटी निघायची आणि तिथं कळीचा चुना यायचा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल सुटते, मग पानाला बुरशी यायला कितीसा वेळ. चुना ती ओल ओढून घेतो. चार दिवसांनी चुना फुलून भुगा झाला की नवा खडा. पानाला ना फार ओल पाहिजे ना फार कोरडेपणा, आणि ते मामा मोजत नव्हते. चिरूट दोन बोटांत हलकेच दाबायचे आणि कळायचं. माझे वडील बोटाभोवती पान गुंडाळायचे, तीच जाण.

नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन गेलो. मामांनी पेढा खाल्ला आणि पेटी उघडून एक चिरूट माझ्या हातात ठेवला. मागच्या पडवीत स्टुलावर बसवलं. काडी ओढली तशी मी ती पुढं नेली, तर हात धरला. “गंधक जळू दे आधी. नाहीतर पहिला घास गंधकाचा.” मग ज्योत टोकाला न टेकवता खालून शेक द्यायला लावली, चिरूट हळूहळू फिरवत, कडा सगळीकडून सारखी लाल होईपर्यंत. चिरूट दोन्ही बाजूंनी उघडा असतो, त्यामुळं कापाकापी नाही. “आता ओढ, गिळू नको. तोंडात फिरव आणि सोड. मग हात खाली घे.” मी लगेच दुसरा झुरका घ्यायला गेलो तर परत हात धरला. बारीक चिरूट पटापट ओढला की तापतो, आणि तापला की कडू होतो. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. राख झटकायची नाही, ती आपली आपण पडते. शेवटचा तिसरा हिस्सा उग्र होत जातो, तिथं सोडून द्यायचा आणि विझवताना चिरडायचा नाही, नाहीतर घाण वास सुटतो. नुसता ठेवला की आपोआप विझतो.

आधी मिरीसारखा तिखटपणा, मग भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाची चव, आणि अर्ध्यावर आल्यावर ओल्या मातीची. बिडीत हे नसतं. आमच्या निपाणीचं पान उन्हात वाळवतात. सिगारचं पान सावलीत वाऱ्यावर वाळवून, मग ढीग लावून आंबवतात. ढिगात आतून ऊब धरते, कडकपणा उतरतो आणि वास मुरतो. आमच्या पानाला त्यामुळं मी कमी म्हणणार नाही, त्याचं काम वेगळं.

पुढं आखातात नोकरीला असलेल्या भाच्यानं एकदा क्यूबाची लान्सेरो नावाची लांब, बारीक सिगार आणून दिली. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. ही 38 ची, म्हणजे साधारण 15 मिलिमीटर, आणि लांबी 192 मिलिमीटर. फिडेल कॅस्ट्रो ज्या घराण्याच्या सिगार ओढायचे त्यातलीच. फार सुंदर होती, धूर रेशमासारखा. पण मी ती अर्धी मामांसाठी ठेवायला हवी होती असं सारखं वाटत राहिलं, आणि तेव्हा मामा राहिले नव्हते.

तंबाखूचं कौतुक करताना मी एक गोष्ट दडवणार नाही. सिगारचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर होऊ शकतो. वडील बिडी ओढायचे, त्यांची शेवटची वर्षं दम लागण्यातच गेली. आक्कांनी कधी बिडी तोंडाला लावली नाही, त्यांच्या छातीत वखारीचा धुरळा होता. म्हणून माझा चिरूट क्वचित, आणि ज्याला सवय नाही अशा कुणाला मी तो देत नाही. माझ्या मुलानं मागितला होता, त्यालाही नाही म्हणालो.

मामा गेल्यावर दुकान वर्षभर कसंबसं चाललं. त्यांचा मुलगा पुण्यात इंजिनिअर. गुटख्याच्या आणि पुड्यांच्या माळा लटकवून धंदा वाढवता आला असता, पण त्यानं तसं केलं नाही. वडिलांनी ज्या मालाला हात लावला नाही तो त्या फळीवर ठेवायचा नाही, असं म्हणाला आणि दुकान देऊन टाकलं. मला त्या पोराचा फार अभिमान वाटला. आता तिथं प्रवासी बॅगा मिळतात.

बेळगावात नंतर मी पुष्कळ शोधलं. पानपट्टीवर सिगार मिळते, काचेच्या कपाटात महिनोन्महिने वाळलेली, दाबली की कुरकुरते. कुठल्या पानाची म्हणून विचारलं की किंमत सांगतात. चोर्ला घाट उतरून पणजीला गेलो की एक-दोन ठिकाणी बरी मिळते. पण माझा खरा आधार म्हणजे मदुराईला बदली झालेला एक मित्र. तो सुट्टीला घरी येताना दिंडीगलला गाडी थांबवतो आणि माझ्यासाठी चिरूट घेऊन येतो. घेताना दोन बोटांत दाबून बघायला मी त्याला शिकवलंय, पण त्याला अजून नीट उमगलेलं नाही. या खेपेचे जरा कोरडेच निघाले. पेटीत ओल्या वाळूची वाटी ठेवून दिली आहे. आठवडाभर तरी त्यांना हात लावायचा नाही.