जास्वंद पिवळी पडली म्हणून लगेच आयर्न घालू नका

पाऊस ओसरला की आमच्या वाडीत हा प्रश्न ठरलेला, "अगो, माझी जास्वंद पिवळी पडली हा, काय घालू ता सांग." आणि मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी आयर्नचं पाकीट आणून ओतलेलंही असतं कारण दुकानात सांगितलं की लोह कमी आहे. अहो, आपण राहतो कोकणात, जांभ्यावर, म्हणजे लाल दगडावर! घराचे चिरे लाल, गडगा लाल, पहिल्या पावसात पायरीवरून वाहणारं पाणी लाल, तो रंग लोहाचाच तर आहे. जमिनीत लावलेल्या झाडाला आपल्याकडे लोह सहसा कमी पडत नाही.

कमी पडतं ते पाऊस धुवून नेतो ते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, त्यात जांभ्याच्या मातीला अन्न धरून ठेवायची ताकद मुळातच कमी, मग पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम, मॅग्नेशियम, बोरॉन सगळं खाली निघून जातं आणि माती आंबट होत जाते. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) वेगळंच, ते वाहून जात नाही पण मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून बसतं, मुळांच्या हाती फारसं लागत नाही.

म्हणून आधी पान बघा. कुठलं पान पिवळं झालंय, खालचं की शेंड्याचं?

खालची जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी आणि शिरा हिरव्याच राहिल्यात, तर मॅग्नेशियम. खालचंच पान पण शिरांसकट सरसकट पिवळं, तर नत्र (नायट्रोजन), शेणखत घाला आणि विसरा. जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी, तर बहुतेक पालाश, पण हे एप्रिल-मेमध्ये दिसलं तर आधी विहिरीचं पाणी चाखून बघा, समुद्राजवळच्या विहिरी तेव्हा मचूळ होतात आणि मिठानेही कडा अशाच जळतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी, ते मात्र लोह. आणि हे आपल्याकडे दिसतं कुठे तर सिमेंटच्या ओट्याला चिकटून लावलेल्या अनंताला नाहीतर एक्झोराला. सिमेंटचा चुना मातीत उतरतो, आंबटपणा जातो, आणि लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. तिथे पाकिटापेक्षा झाड दोन हात लांब हलवलेलं बरं.

मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट. लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा, संध्याकाळी पानांवर फवारा, परत पंधरा दिवसांनी. पिवळी झालेली जुनी पानं लगेच हिरवी होतील अशी आशा ठेवू नका, नवी कशी येतात ते बघायचं. आणि फुलं वाढतात म्हणे म्हणून दर आठवड्याला मूठमूठ घालणारे आहेत त्यांनी जरा थांबा, मॅग्नेशियम जास्त झालं की कॅल्शियम आणि पालाश उचलायला झाडाला अडचण होते.

जमिनीतल्या जास्वंदीला, मोगऱ्याला पाऊस संपल्यावर आळ्यात थोडं डोलोमाइट (एक प्रकारची चुनखडीची भुकटी), त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम दोन्ही मिळतं आणि आंबटपणाही उतरतो. अनंत, एक्झोरा यांच्या जवळपासही नको, त्यांना आंबटच हवं. त्यांना कॅल्शियम द्यायचंच तर जिप्सम, त्याने आंबटपणा हलत नाही.

पालाशसाठी आपल्याकडे फुकटातली वस्तू म्हणजे सोडणं (नारळाची सालं) जाळून उरलेली राख. चाळून, कोरडी ठेवलेली. बाहेर पावसात भिजलेल्या राखेतलं पालाश आधीच वाहून गेलेलं असतं, ती घालून फक्त समाधान. राखही चुन्यासारखीच आंबटपणा मारते, त्यामुळे डोलोमाइट घातलंत त्या झाडाला त्याच मोसमात राख नको, आणि युरियाबरोबर तर कधीच नको, नत्र अमोनिया होऊन उडून जातं, वासच येतो. कुंडीला मी राखेऐवजी झिरो झिरो फिफ्टी, म्हणजे पाण्यात विरघळणारं पालाशचं खत वापरते, अगदी चिमटीभर पाण्यात विरघळवून. लाल पोटॅश हे दुसरं पालाशचं खत, त्यात क्लोराइड असतं, आधीच खारा वारा आणि मचूळ पाणी, त्यात कुंडीत आणखी भर कशाला.

फुलांसाठी स्फुरद, स्फुरद करून बोनमील (हाडांचा चुरा) ओतायची फॅशन आहे, तीही कुंडीतल्या जास्वंदीला मानवत नाही. कुंडीतलं मिश्रण जांभ्यासारखं स्फुरद धरून ठेवत नाही पण दरवेळी ओतत राहिलं की साठतं आणि मग झाडाला लोह-जस्त घेता येत नाही. म्हणजे कोवळी पानं पिवळी, म्हणजे परत आयर्नचं पाकीट, असं चक्र.

कळ्या गळतायत तर खत शोधायच्या आधी कळीचा देठ उलटून बघा, पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण आहे, त्याला कुठलंच खनिज लागू पडत नाही.

हल्ली खडी क्रशरची काळ्या दगडाची भुकटी घालायचं पण चाललंय. वाईट नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आहे पण पालाश अगदी कमी, आणि दगड विरघळायला वर्षं लागतात. या गणपतीला लाल फुलं हवी असतील तर ती भुकटी कामाची नाही, पुढच्या काही गणपतींसाठी आळ्यात टाकून ठेवायची असेल तर टाका.