तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना वृद्धाश्रमात का नेता?

दहावी-बारावीच्या तोंडावर आलेल्या मुलांना तुम्ही गाण्यात, चित्रांत आणि नाटुकल्यांत गुंतवता, शिवाय महिन्यातून दोन रविवारी वृद्धाश्रमात नेता, याने त्यांची कला वाढते ती कशी, असे नागपूरच्या सदर नावाच्या भागातील आमच्या ख्रिस्ती मंडळीतले (चर्चमधले) पालक मला वारंवार विचारतात. अठरा वर्षे शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, आणि तरुण संघात शिकवल्यावर या प्रश्नाचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे, मात्र सुरुवातीची काही वर्षे ते मलाही सापडले नव्हते.

तेव्हा मुलांच्या गुणांना वाव देणे म्हणजे त्यांना नाताळच्या कार्यक्रमात पुढे उभे करणे, एवढेच मी समजत असे. आठवीतल्या एका अबोल मुलाचा गळा फार गोड होता, म्हणून तो नको म्हणत असतानाही मी त्याला एकट्याने गायला लावले. दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाज फुटला, पुढच्या रांगेतली मुले हसली आणि त्यानंतर दोन वर्षे तो गायला नाही. दोष सर्वस्वी माझा होता, कारण त्याच्या आवाजात मला कार्यक्रमाची शोभा दिसली होती आणि वयात येणारा, धास्तावलेला तो मुलगा दिसला नव्हता.

त्या दिवसांत मी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 31वा अध्याय पुन्हा वाचला. देवाने ज्याला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले असे तिथे सांगितले आहे, तो बसालेल कारागीर आहे. सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर तो काम करतो, आणि हे सारे कौशल्य लोकांच्या उपासनेसाठी निवासमंडप उभारण्याच्या कामी येते. त्याच्या हाताला आधी काम मिळालेले आहे. मुलांना मी मंच दिला होता, काम दिले नव्हते, हे मला तिथे कळले. बायबलमधल्याच पेत्राच्या पहिल्या पत्रातही कृपादान, म्हणजे देवाने दिलेली देणगी, एकमेकांच्या सेवेसाठी वापरायला सांगितले आहे, आणि सेवेत समोरच्या माणसाला काय हवे आहे हे आधी पाहावे लागते.

हे पाहणे म्हणजे काय, ते मला एका अकरावीतल्या मुलाने दाखवले. मोबाइलवर पाहून तो गिटार उत्तम शिकला होता. वृद्धाश्रमात मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे, अभंगाच्या चालीवरचे एक भजन त्याने जलद तालात सुरू केले, तेव्हा दोन ओळींतच सगळे आजी-आजोबा मागे पडले आणि गप्प झाले. मग ज्यांना नीट ऐकू येत नव्हते अशा एक आजी आपल्याच संथ लयीत एकट्या गाऊ लागल्या. त्या मुलाने तारांवर तळवा ठेवला, एक पूर्ण कडवे नुसते ऐकले आणि पुढच्या कडव्यापासून प्रत्येक ओळीच्या आरंभी एकच सूर दिला. हळूहळू सारी खोली गाऊ लागली. कधी वाजवू नये हे त्याला त्या दुपारी उमगले; ते मी त्याला सरावाच्या खोलीत कितीही वर्षे शिकवले असते तरी शिकवू शकले नसते, असे मला मनापासून वाटते.

ज्यांना गाता किंवा चित्र काढता येत नाही, त्या मुलांना मी स्टीफन हिस्लॉप यांच्याविषयी सांगते. हे स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आले. आपल्या शहरातले महाविद्यालय त्यांच्या नावाचे आहे, तसे एक खनिजही त्यांच्या नावाने ओळखले जाते, कारण या परिसरातले खडक आणि जीवाश्म ते बारकाईने पाहत असत. गोंड लोकांची गीतेही त्यांनी ऐकून लिहून ठेवली होती. 1863 मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाल्यानंतर तीन वर्षांनी ती टिपणे प्रसिद्ध झाली. कान देऊन ऐकणे आणि ऐकलेले जपून ठेवणे हीसुद्धा प्रतिभाच आहे. हे ऐकून आमच्या संघातल्या एका मुलीने वृद्धांना आठवणाऱ्या भजनांच्या जुन्या चाली मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायला घेतल्या; ‘उपासना संगीत’ या आमच्या भजनांच्या पुस्तकात शब्द मिळतात, पण कोणत्या घरात ती ओळ कशी वळवली जात असे, ते त्या वृद्धांच्याच गळ्यात आहे.

परीक्षेतल्या गुणांची काळजी रास्त आहे, म्हणून बोर्डाच्या परीक्षेआधी आम्ही मुलांना सगळ्या जबाबदाऱ्यांतून मोकळे करतो. कोणालाही धाकाने नेत नाही, आणि येत नाही म्हणून कोणाच्या विश्वासावर शंका घेत नाही. किशोरवयात सक्तीने करवून घेतलेली प्रार्थना फार काळ टिकत नाही.

त्या पहिल्या मुलाचे पुढे काय झाले, हेही तुम्ही विचारता. तिसऱ्या वर्षी तो हार्मोनियम उचलायला मदत करायची म्हणून आमच्याबरोबर आला आणि येत राहिला. आता त्याचा आवाज स्थिर, खर्जातला झाला आहे. वृद्धाश्रमात तो सगळ्यांच्या मागे, भिंतीपाशी उभा राहून सर्वांबरोबर गातो, आणि मी त्याला पुढे बोलावत नाही.