हॅम हॉकचं सूप आणि मिठाचा हिशेब

हॅम हॉक पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला एकच प्रश्न पडतो, यात खायचं काय? डुकराच्या पायाचा, खुराच्या वरचा हा सांधा. बाहेर जाड कातडी, तिच्याखाली चरबी, मग चिवट शिरा आणि मधे हाडं. मांस म्हणाल तर मूठभर. तरीही पोटभरीचं, मांसानं भरलेलं सूप करायचं असेल तर मी सुरुवात ह्याच तुकड्यापासून करते. बाकीची मांसं सूपमध्ये खायला म्हणून पडतात, हॉक सूप घडवायला पडतो. तो नसेल तर पातेल्यात उरतं ते मांस उकडलेलं पाणी.

माझं माप साधारण असं: किलोभराचा एक हॉक, अर्धा किलो पोर्क शोल्डर, म्हणजे डुकराच्या खांद्याचं मांस, मोठ्या फोडी करून, हाडासकट चिकनच्या दोन मांड्या, पाव किलो धुरी दिलेलं सॉसेज, ३०० ग्रॅम पांढरा राजमा आणि तीन लिटर पाणी. भाज्यांत कांदा, गाजर, सेलरी, लसूण. आठ जण जेवतात, आणि दुसऱ्या दिवशीसाठीही उरतं. यादीत मीठ नाही, ते मुद्दामच लिहिलेलं नाही.

बहुतेक हॉक मिठाच्या पाण्यात मुरवून मग धुरी दिलेले असतात. म्हणजे मीठ आत, हाडापर्यंत गेलेलं असतं. वरून धुऊन ते जात नाही. सॉसेजचं मीठ वेगळं. त्यात कुणी बेकन घातलं की तिसरं खारट मांस आलं. म्हणून मी बेकन घालतच नाही. धुराचा वास हॉक देतोच, बेकन फक्त मीठ आणि चरबी वाढवतं.

आदल्या रात्री हॉक मोठ्या पातेल्यात, पूर्ण बुडेल एवढ्या गार पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवते. मांसातलं मीठ पाण्यात उतरत राहतं, पण पाणीच खारट झालं की उतरणं मंदावतं. त्यासाठी झोपण्याआधी एकदा पाणी बदलते. दुसऱ्या पातेल्यात राजमा भिजत असतो. रात्रीचं काम एवढंच.

सकाळी ते पाणी ओतून टाकायचं, हॉक ताज्या गार पाण्यात ठेवून उकळी आणायची आणि दहाएक मिनिटं उकळू द्यायचं. मग त्या पाण्याचा एक चमचा बशीत काढून, निववून, चाखायचा. आधीच्या कच्च्या पाण्याची चव घेऊ नये, हे उकळलेलं आहे म्हणून चालतं. जीभ आक्रसली तर अख्खं पाणी फेकून नवं घ्यायचं. नुसतं मिठाला बरं लागलं तर तेच पुढे चालवायचं, कारण धुराचा वासही त्यातच उतरलेला असतो. खारटपणा प्रत्येक हॉकचा निराळा. पाककृतीत कुणी ‘एक चमचा मीठ’ असं छापलं असेल, तर तो आकडा त्यांच्या हॉकचा आहे, तुमच्या नव्हे.

पुढचा दीड तास पातेल्यात हॉक एकटाच, सोबत अख्खा सोललेला कांदा, तमालपत्र आणि थोडी मिरी. इथे आच हा सगळा खेळ. पाणी उकळीला आलं की आच इतकी कमी करायची की एखाद-दुसरा बुडबुडा कडेनं वर यावा आणि फुटावा. खळखळून उकळत ठेवलं तर वर आलेली चरबी पुन्हा पाण्यात घुसळली जाते आणि सूप गढूळ, तेलकट होतं. पहिल्या अर्ध्या तासात करडा फेस वर येतो. ती मांसातली प्रथिनं, उष्णतेनं गोठून वर आलेली. त्यात विषारी वगैरे काही नसतं, पण झाऱ्यानं काढून टाकली तर रस्सा नितळ राहतो. मी झारा आणि पाण्याची वाटी शेजारी ठेवते: काढायचं, वाटीत झारा बुचकळायचा, पुन्हा काढायचं.

ह्या दीड तासात वरवर पाहता काही घडत नाही, पण हॉक हॉक का आहे ते ह्याच वेळात ठरतं. कातडीत, शिरांत, सांध्याच्या चकत्यांत कोलॅजन, म्हणजे त्यांना चिवट करणारं प्रथिन, भरलेलं असतं. पाण्यात बराच वेळ, उकळीच्या जरा खाली तापत राहिलं की ते विरघळून जिलेटिन होतं. घाई केली तर शिरा आखडतात आणि रबरासारख्या राहतात. जिलेटिन उतरलं की रस्सा न आटवताही अंगानं जड होतो, ओठ किंचित चिकटतात. पीठ, साय, कॉर्नफ्लॉअर असल्या दाट करण्याच्या युक्त्यांची गरज उरत नाही. मला त्या तशाही आवडत नाहीत, चव झाकतात.

प्रेशर कुकरमध्ये हेच काम पाऊण-एक तासात होतं, कारण आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. घाईच्या दिवशी जरूर करावं. फक्त मध्येच चव घेता येत नाही आणि मीठ शेवटी एकदम कळतं, म्हणून आधीचं उकळून पाणी टाकणं कुकरसाठी मी सक्तीचं समजते.

हॉक शिजत असताना दुसऱ्या शेगडीवर राजमा. ह्याबद्दल थोडं कडक बोलते. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. लाल राजम्यात सगळ्यात जास्त, पांढऱ्यात कमी, पण असतं. नीट न उकळलेला राजमा खाल्ला तर काही तासांत उलट्या आणि जुलाब. भिजवलेलं पाणी फेकायचं, ताजं पाणी घालायचं आणि किमान दहा मिनिटं खळखळून उकळायचं, मी अर्धा तास उकळते. नुसत्या कोमट आचेवर तासन् तास ठेवून भागत नाही. स्लो कुकरमध्ये कोरडा राजमा थेट टाकणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं, तिथलं पाणी कधी कधी उकळीपर्यंत पोहोचतच नाही, आणि अर्धवट तापवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. हॉकला मंद आच हवी आणि राजम्याला खळखळाट, म्हणून दोघांचे संसार सुरुवातीला वेगळे. हा व्याप नको असेल तर वाटाण्याची डाळ घ्यावी. ती भिजवावी लागत नाही, तासाभरात विरघळून सूप आपोआप दाट करते. मात्र बुडाला लागते, तिच्याजवळून हलता येत नाही.

मिठानं राजमा शिजत नाही, हे सगळीकडे ऐकू येतं. त्यात तथ्य नाही, हॉकच्या खारट पाण्यात तो व्यवस्थित मऊ होतो. शिजू देत नाही ते आंबट. टोमॅटो, व्हिनेगर, लिंबू, काहीही असो, दाणा बोटांत चिरडता येईपर्यंत पातेल्याजवळ आणायचं नाही.

आता बाकीची मांसं. शोल्डरच्या फोडी, चिकनच्या मांड्या आणि सॉसेजच्या जाड चकत्या कागदानं पुसून खडखडीत कोरड्या करायच्या आणि पसरट जाड बुडाच्या भांड्यात तेलावर थोड्या थोड्या करून भाजायच्या. सूपच्या पाण्यात मांस कधीच तांबूस होणार नाही. पाणी १०० अंशांवर अडतं आणि तांबूस रंग व तो खमंगपणा यायला साधारण १४० अंश लागतात. मांस ओलं असेल तर आधी ते पाणी उडण्यातच आच खर्ची पडते. एकदम सगळं टाकलं की भांडं गार पडतं, पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी उकडणं सुरू होतं. फोडी हलवायची घाई नको. तयार झाली की ती स्वतःच बूड सोडते. भाजून झालं की मांड्या आणि सॉसेज झाकून फ्रीजमध्ये ठेवायचे, कारण त्यांची पाळी नंतर आहे आणि मांड्या आतून अजून कच्च्याच आहेत. शेवटी भांड्यात हॉकचं डावभर पाणी ओतायचं आणि लाकडी उलथन्यानं खरवड खरवडून घ्यायची. ती तपकिरी असेल तर सरळ सूपमध्ये, काळी पडली असेल तर मोरीत. कडवटपणा नंतर निघत नाही.

दीड तासानं शोल्डर पातेल्यात जातं. अर्ध्या तासानं राजमा. आणखी वीस मिनिटांनी चिकन. शेवटच्या वीस मिनिटांत गाजर, सेलरी, लसूण, आणि अगदी शेवटी सॉसेज. ते आधीच शिजलेलं असतं, त्याला फक्त गरम व्हायचं आहे. जास्त वेळ ठेवलं तर त्याची चव रस्स्यात जाते आणि हाती चोथा राहतो. एकूण तीन तासांच्या आसपास सगळी मांसं एकाच वेळी मऊ होतात. सगळं एकदम टाकून तीन तास शिजवलं, तर शोल्डर उत्तम होईल, चिकनचे धागे होतील आणि गाजर शोधावं लागेल.

माझी मोठी बहीण ऐन ह्या वेळी स्वयंपाकघरात येते. त्या दिवशीही आली, डाव घेऊन चव घेतली आणि म्हणाली, “अगं, अळणी आहे. मीठ विसरलीस का?”

“नाही गं ताई, अजून हॉक सुटायचाय. मीठ त्याच्या पोटात आहे.”

“मग चिमूटभर तरी घाल.”

“तू गाजर चिर. मिठाचं मी बघते.”

तिनं गाजर चिरलं, पण डबा ओट्यावर काढून ठेवलाच.

हॉक झाला की नाही हे घड्याळावर ठरत नाही. त्यात दोन हाडं असतात, एक जाड आणि शेजारी एक बारीक. बारीक हाड चिमट्यात धरून हलकेच पिरगाळायचं. फिरलं आणि अलगद बाहेर आलं तर झालं. मांसाला धरून बसलं तर अजून वीस मिनिटं. झाला की ताटात काढून हाताला सोसवेल इतका निवू द्यायचा. मग कातडी एका बाजूला, चरबी दुसऱ्या, आणि मांस बोटांनी सोडवून घ्यायचं. हे काम सुरीनं करू नये, बोटांनाच कळतं कुठे कूर्चा आहे आणि कुठे हाडाची बारीक कपची. सुटलेलं मांस गुलाबी असतं, शेजारच्या करड्या शोल्डरपुढे तर चांगलंच गुलाबी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कच्चं वाटतं. पण मुरवताना मिठाबरोबर नायट्राइट, म्हणजे मांस टिकवणारा क्षार, वापरलेलं असतं, ते मांसातल्या रंगद्रव्याशी जोडलं जातं आणि कितीही शिजवलं तरी तो रंग टिकतो. चिकनच्या बाबतीत मात्र असली सूट नाही. तिथे हाडाजवळ थर्मामीटर ७४ अंश दाखवायलाच हवा.

कातडीचं काय करायचं यावर घराघरात मतं आहेत. मी निम्मी अगदी बारीक चिरून परत सूपमध्ये घालते, बाकीची टाकते. सगळी घातली तर जड होतं. चिकनची हाडंही ह्याच वेळी काढून घ्यायची. वरचा तवंग डावानं काढायचा, पण सगळा नाही, धुराचा बराचसा वास त्यात असतो. राजम्याचा एक डाव वाटीत घोटून परत मिसळला की रस्सा जुळून येतो.

हॉकचं मांस परत पडलं, पाच मिनिटं गेली, की मग चव घ्यायची. मिठाबद्दलचा निर्णय ह्या एका क्षणी, आधी नाही. पाणी आटतं, मीठ आटत नाही, म्हणून सुरुवातीला बेताचं वाटलेलं सूप शेवटी आपोआप भरून येतं. त्या दिवशी मीठ लागलंच नाही. ताईनं चव घेतली आणि न बोलता डबा परत जागेवर ठेवला. कधी हॉक सौम्य निघतो आणि अर्धा चमचा घालावा लागतो. कधी जास्तच खारट होतं. मग लोक बटाटा टाकायला सांगतात. बटाटा जेवढं पाणी शोषतो तेवढंच मीठ शोषतो, राहिलेला रस्सा तसाच खारट. उपाय दोनच, बिनमिठाचं गरम पाणी वाढवणं किंवा वेगळा शिजवलेला अळणी राजमा घालणं. शेवटी चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबू. एवढ्या चरबीला आणि जिलेटिनला आंबटाची धार नसेल तर तिसऱ्या घासाला जीभ दमते.

उरलेलं सूप पातेल्यातच ओट्यावर रात्रभर ठेवायचं नाही. दाट सूपचं मोठं पातेलं मधोमध तासन् तास कोमट राहतं, आणि उकळीतूनही वाचणारे काही जंतूंचे बीजाणू नेमक्या त्याच उबेत वाढतात. मी उथळ डब्यांत वाटून, खाली गार पाण्याची परात ठेवून निववते आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ढकलते. सकाळी डबा उघडला की सूप थरथरणाऱ्या वडीसारखं घट्ट झालेलं असतं, वर चरबीचा पांढरा थर. तो हवा तेवढा उचलून काढता येतो. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, गोठवलं तर दोन-तीन महिने. गरम करताना डब्यातली वडी पातेल्यात टाकून कपभर साधं पाणी घालावं, सगळीकडून वाफ येईपर्यंत तापवावं, आणि पुन्हा चव घ्यावी. रात्रभरात राजम्यानं पाणी ओढून घेतलेलं असतं आणि सॉसेजनं उरलंसुरलं मीठ सोडलेलं असतं, तेव्हा बहुधा पाणीच अजून लागतं.