पूर्वी कसे होते?

सिंधुदुर्गात स्मृतिभ्रंशाच्या तपासणीसाठी येणारे ज्येष्ठ बहुधा विसरण्याच्या तक्रारी घेऊन येतात. किल्ल्या सापडत नाहीत, गॅस चालू राहतो, नातवाच्या नावाने मुलाला हाक मारली जाते, असे सांगितले जाते. वेंगुर्ल्याच्या एका खासगी दवाखान्यात मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून ठरावीक दिवशी बसते, तिथे मागच्या मे महिन्यात आलेल्या निवृत्त प्राथमिक शिक्षकांबद्दल मात्र अशी एकही तक्रार नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गुरुजींना गावातल्या प्रत्येक कुळाची वंशावळ तोंडपाठ होती. मुंबईहून आलेल्या त्यांच्या धाकट्या मुलाचे म्हणणे वेगळेच होते: "डॉक्टर, बाबांना समोरच्याच्या मनाचं काही कळेनासं झालं आहे."

निमित्त होते कुडाळला झालेल्या पुतणीच्या साखरपुड्याचे. भर पंगतीत गुरुजी नवऱ्या मुलाच्या वडिलांना म्हणाले होते, "मुलाचा पगार तुम्ही सांगितलात तेवढा दिसत नाही." पुढचे व्हायचे ते रामायण झाले. मुलाने मग मोबाइलवर वाचायला सुरुवात केली आणि तो फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियापाशी येऊन थांबला. त्याची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाकडच्या भागाची झीज होणाऱ्या या आजाराच्या वर्तनप्रधान प्रकारात स्मरणशक्ती सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत असते. आधी जातो तो संकोच, दुसऱ्याबद्दलची कणव आणि कुठे काय बोलावे याचा पोच. हा आजार बहुतेकदा पासष्टीच्या आत सुरू होतो, पण त्यानंतर होतच नाही असे नाही, म्हणून मी तक्रार गांभीर्याने घेतली.

गुरुजींबरोबर मुलाखेरीज त्यांच्या पत्नी आणि एक्याऐंशी वर्षांच्या थोरल्या भगिनी आल्या होत्या. या आक्का लहानपणीच्या घरातच राहिलेल्या, मालवणीखेरीज दुसरे काही न बोलणाऱ्या, आणि भाऊ तपासायचा म्हणजे आपण हवेच, असे ठरवून रिक्षात बसलेल्या.

नेहमीची प्राथमिक चाचणी गुरुजींनी तीसपैकी अठ्ठावीस गुण मिळवून पार केली. गेलेल्या दोन गुणांतला एक ऐकण्यातल्या घोटाळ्याचा होता, कारण तीन शब्दांपैकी एक त्यांना भलताच ऐकू आला होता आणि तो चुकीचा शब्द त्यांनी नंतर बिनचूक आठवून सांगितला. घड्याळही त्यांनी फळ्यावर काढावे तसे नीटस काढले. त्यानंतर मी दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेण्याच्या चाचण्यांकडे वळले.

या चाचण्यांचा उगम लहान मुलांच्या अभ्यासात आहे. १९८३ साली विमर आणि पेर्नर यांनी आणि १९८५ साली बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी वापरलेल्या गोष्टींचा गाभा असा की एकाने ठेवलेली वस्तू त्याच्या माघारी दुसरा हलवतो, आणि परत आलेला पहिला माणूस ती कुठे शोधेल, असे मुलाला विचारले जाते. साधारण चार ते पाच वर्षांच्या मुलाला कळू लागते की त्याला ठाऊक असलेली गोष्ट गोष्टीतल्या माणसाला ठाऊक नाही. १९८५ च्या गोष्टीत टोपली, खोका आणि एक गोटी असते. माझ्या गोष्टीत सून हापूस अढीत घालून बाजाराला जाते आणि तिच्या माघारी सासू ते गवताखालून काढून पेटीत ठेवते. प्रौढांसाठी ही केवळ सुरुवात असते. पुढच्या गोष्टी अधिक अवघड असतात आणि गुण त्यांवरच ठरतात.

"अढीत," गुरुजी म्हणाले. "हे पहिलीतल्या पोराला विचारायचं."

पुढची गोष्ट नकळत कोणाचे तरी मन दुखावले जाण्याची होती. वास्तुशांतीला आलेला पाहुणा भिंतीच्या रंगाला भडक म्हणतो, आणि भिंत तर यजमानाने स्वतःच रंगवलेली असते. यात कोण काय चुकीचे बोलला, त्याला काय ठाऊक नव्हते आणि समोरच्याला काय वाटले असेल, असे एकेक प्रश्न विचारायचे असतात. गुरुजींनी तिन्हींची उत्तरे प्रश्न संपायच्या आत दिली आणि वर जोडले, "रंग खरोखरच भडक असेल, तर ते कोणीतरी सांगायलाच हवं."

हे वाक्य मी शब्दशः टिपून ठेवले. दुसऱ्याला वाईट वाटेल हे न कळणे आणि ते कळूनही बोलणे, यांतला फरक घरच्यांच्या रोजच्या अनुभवात उरत नाही, कारण पंगतीतला परिणाम दोन्हींचा सारखाच. आमच्या कामात मात्र सगळे निदान या फरकावर उभे असते.

गुरुजींच्या पत्नी बाहेर बसल्या असताना आक्का आत येऊन बसल्या होत्या आणि आपल्यालाही विचारा म्हणून मागे लागल्या होत्या. त्या माझ्या रुग्ण नव्हत्या, पण त्यांची हौस आणि माझे कुतूहल दोन्ही खरे होते, म्हणून अहवालाबाहेर ठेवायचे ठरवून मी त्यांना आंब्यांची गोष्ट सांगितली. त्या माझ्याकडे थोड्या कीव आल्यासारख्या पाहत म्हणाल्या, "बाय गो, ती अढयेत कित्याक बघतली? सासवेचो स्वभाव तिका म्हायत नाय काय? ती सरळ पेटयेतच हात घालतली."

गुणपत्रिकेनुसार हे उत्तर चूक आहे. तीन वर्षांचे मूलही असेच उत्तर देते, पण त्याचे कारण वेगळे असते: आंबे पेटीत आहेत हे त्याला स्वतःला ठाऊक असते आणि तेच ते सुनेच्या डोक्यात घालते. आक्कांनी सुनेच्या मनात शिरून, त्या मनात असलेली सासूची ओळख गृहीत धरून उत्तर दिले होते. डोळ्यांच्या छायाचित्रांच्या चाचणीतही तसेच झाले. या चाचणीत फक्त डोळ्यांची पट्टी दिसते आणि चार शब्दांतून भावना निवडायची असते. २००१ च्या सुधारित आवृत्तीत अशी ३६ चित्रे आहेत. तिसऱ्या चित्रालाच आक्का वैतागल्या: "ह्याचा तोंड खंय? तोंड दाखव, मगे सांगतंय." एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या, गोऱ्या अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांची सवय नसलेल्या बाईचे ते म्हणणे मला रास्तच वाटले आणि मी चित्रे मिटून ठेवली.

वय वाढते तशी ही समज वाढते की घटते, यावरचा इतिहास मजेशीर आहे. १९९८ साली फ्रान्चेस्का हापे आणि सहकाऱ्यांना वृद्ध मंडळी अशा गोष्टींत तरुणांपेक्षा सरस आढळली आणि वार्धक्यातल्या शहाणपणाला जणू पुरावा मिळाला. नंतरच्या अनेक अभ्यासांना तसे दिसले नाही. २०१३ साली ज्युली हेन्री, लुईस फिलिप्स, टेड रफमन आणि फीबी बेली यांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा वृद्धांची कामगिरी सरासरीने कमी असल्याचेच निघाले. चेहऱ्यावरचा राग, दुःख आणि भीती ओळखण्यात उतारवयात अडचण येते. गोष्टीतले धागे एकाच वेळी मनात धरणे आणि स्वतःला ठाऊक असलेले बाजूला ठेवणे हेही जड जाते. पण सरासरी ही सरासरी असते. ती अनोळखी चेहऱ्यांवर आणि कागदावरच्या गोष्टींवर काढलेली असते, आणि आक्कांनी आयुष्यभर वाचली ती माणसे त्या कागदावर नव्हती.

स्वभावाचे गणित आणखी गुंतागुंतीचे आहे. डॅनियल नेटल आणि बेथनी लिडल यांना २००८ साली असे आढळले की सौजन्याचा, म्हणजे इतरांशी जुळवून घेण्याच्या वृत्तीचा संबंध दुसऱ्याचे विचार ताडण्याच्या गोष्टींशी दिसतो, डोळ्यांवरून भावना ओळखण्याशी दिसत नाही. ज्याला माणसांची आस्था असते तो त्यांच्या मनाचा विचार अधिक करत असावा, हे पटण्यासारखे आहे. वयाबरोबर बहुतेकांचे सौजन्य थोडे वाढते, असेही दीर्घकालीन अभ्यास सांगतात. मात्र दहा जणांत जो तरुणपणी सर्वांत फटकळ होता, तो म्हातारपणीही त्या दहांत बहुधा फटकळच राहतो. म्हणून गुरुजींच्या बाबतीत खरा प्रश्न ते फटकळ आहेत का हा नव्हताच. ते कधीपासून फटकळ आहेत, हा होता.

मुलाचे उत्तर होते, "दोनेक वर्षं." तो गणपतीला आणि मे महिन्यात येतो. पत्नीला मी विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या की लग्नात यांनी माझ्या वडिलांना आमटी खारट झाल्याचे सर्वांसमोर सांगितले होते. आक्कांनी तर विषयच संपवला: "आमच्या बापाशीक सुदा तो तोंडार बोलायचो. म्हातारपण आता इला, जीब जल्मापासूनची."

त्यानंतर मी आजाराची बाकीची लक्षणे एकेक करून विचारली. गोडाची नवी हाव नव्हती, एकच कृती पुन्हापुन्हा करणे नव्हते, पैशांचे व्यवहार चोख होते, आजारी शेजाऱ्यासाठी ते रोज औषधे आणून देत होते. बदल आढळला तो एकच. संध्याकाळी देवळाच्या पारावर बसायला जाणे त्यांनी सोडले होते. तिथे चारजण एकदम बोलतात आणि त्यांतले काही समजत नाही, असे त्यांनी पत्नीला सांगितले होते. हा मुद्दा मला साखरपुड्यापेक्षा महत्त्वाचा वाटला, कारण वयामुळे कमी होणारे ऐकणे माणसाला बैठकीतून उठवते आणि घरच्यांना वाटते की त्याची माणसांतली गोडी संपली.

शेवटी मी गुरुजींशी एकट्याने बोलले. मुलाने तुम्हाला इथे का आणले असे तुम्हाला वाटते, हा प्रश्न मी अशा वेळी नेहमी विचारते.

"तुम्हाला वाटत असेल, की मला वेडा ठरवून कलमं विकायला निघाला आहे. तसं नाही. तो घाबरला आहे. त्याच्या सासऱ्यांचं असंच काहीतरी सुरू झालं होतं, तीन वर्षांत माणूस हाताबाहेर गेला. तेव्हापासून तो माझ्याकडे तसाच बघतो. मी चहा सांडला तरी दचकतो."

सासऱ्यांच्या आजाराबद्दल मुलाने मला अवाक्षर सांगितले नव्हते. नंतर विचारल्यावर त्याने ते कबूल केले आणि त्याचे डोळे भरून आले.

"मग हे तुम्ही त्याला का सांगत नाही?" मी गुरुजींना विचारले.

"त्याने विचारलं नाही."

कोणत्याही चाचणीवर न सापडणारा गुरुजींचा स्वभाव या तीन शब्दांत होता. मुलाच्या मनाचा नेमका ठाव त्यांना लागला होता. त्यावर काही करायला हवे, असे त्यांना वाटलेच नव्हते. ताडण्याची क्षमता आणि ताडलेले वापरण्याची इच्छा या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, आणि आमच्या चाचण्या पहिलीच मोजतात.

मुलाला मी सांगितले की आज तरी आजाराची चिन्हे दिसत नाहीत. तो सुटकेचा श्वास टाकेल अशी माझी अपेक्षा होती, पण तो नाराज दिसला. आजार असता तर औषध असते, निदान साखरपुड्याच्या मंडळींना सांगायला कारण तरी असते. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया बरे करणारे औषध आज उपलब्ध नाही, हे मी त्याला समजावले. सासऱ्यांचा विषय मात्र त्याने स्वतःच वडिलांपाशी काढावा, असे सुचवले, कारण गुरुजी आपणहून तो काढणार नव्हते.

कानांची तपासणी, सहा महिन्यांनी त्याच चाचण्या पुन्हा, आणि मधल्या काळात वागण्यात काही नवे दिसल्यास गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञांकडे, असे मी अहवालात लिहिले. नोव्हेंबरमध्ये गुण तेवढेच आले. दोन्ही कानांत उंच स्वर कमी ऐकू येत असल्याचे निघाले होते आणि यंत्रही घेतले होते, जे गुरुजी फक्त पारावर जाताना लावतात. तेव्हापासून स्वभाव बदलल्याची तक्रार असेल, तर मी मुलांबरोबरच रुग्णाच्या भावाला किंवा बहिणीला घेऊन यायला सांगते, आणि प्रवास झेपत नसेल तर फोनवर बोलते.