भूत नेहमी परमुलखाचंच

भुताचे सिनेमे आवडणाऱ्याला ‘तुझा सगळ्यात आवडता कुठला?’ असं विचारा, तो आधी चारचौघांत शोभेल असं उत्तर देतो. हल्ली ते उत्तर ‘तुंबाड’ असतं. मीही तेच देतो. त्यात खोटं काही नाही. राही अनिल बर्वे यांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं काम आहे ते. २०१८ साली आला तेव्हा थिएटरं काही फार दिवस भरली नाहीत. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लावला तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त पैसे मिळवून गेला. कल्ट कशाला म्हणतात हे कुणाला समजावायचं असेल तर याहून बरं उदाहरण सापडायचं नाही. कणकेची बाहुली घेऊन विनायक खाली उतरतो आणि भुकेला राक्षस हस्तर त्या कणकेवर तुटून पडतो, तिथं दाद द्यावीच लागते. पण सोलापूरच्या माणसाच्या अंगावर त्या सिनेमात हस्तरपेक्षा पाऊस येतो. सतत कोसळतोय आपला! आमच्याकडे एवढा पडला तर खजिना राहू दे बाजूला, लोक आधी उजनी धरण किती टक्के भरलं ते विचारतील.

दुसरं उत्तर जरा दबक्या आवाजात येतं, ते रामसे बंधूंचं. ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’, ‘बंद दरवाजा’. हे आवडतात म्हणताना माणूस आजूबाजूला बघून घेतो. निळा उजेड, भसाभसा धूर, करकरणारं दार, आणि मध्येच एखादा विनोदी नट येऊन सगळं भय धुळीला मिळवणार. तरीही ‘पुराना मंदिर’मधला अजय अगरवालचा राक्षस सामरी एकदा डोक्यात बसला की बसला. एका काळात केबलवाल्यांनी हे इतक्यांदा दाखवलं की पुढं काय होणार ते पोरं आधीच ओरडून सांगायची. भीती कधीच संपली होती, तरी बघणं सुटत नव्हतं.

‘झपाटलेला’चंही तेच. तात्या विंचूला घाबरलेला माणूस मला अजून भेटायचाय, आणि ‘ओम फट् स्वाहा’ पाठ नसलेलाही. रामदास पाध्यांचं बाहुलं, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि समोर लक्ष्या. घाबरायला सवड कुठं मिळते!

खरोखर घाबरवलं ते ‘लपाछपी’नं. विशाल फुरिया यांचा २०१७ चा सिनेमा. पूजा सावंत पोटुशी, भोवती चहूकडं ऊस, आणि उषा नाईक यांची ती मायाळू म्हातारी, जिच्या मायेनंच घाम फुटतो. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला तो ऊस म्हणजे गूढ चक्रव्यूह वाटला असेल. आम्हाला ऊस म्हणजे कारखाना, एफआरपी म्हणजे उसाचा सरकारी दर, आणि रस्त्यावर मागचा दिवा नसलेली ट्रॉली. रोजचीच वस्तू. म्हणून तर भीती जास्त. सिनेमा बघून झाल्यावर काही काळ पंढरपूरच्या रस्त्याला रात्री दोन्ही बाजूंचा ऊस डोक्याच्या वर गेलेला दिसला की मी गाडीची काच वर करत होतो. शिवाय त्यातलं पाप गावातल्या घराघरांतलं, मुली नको असणाऱ्यांचं. ते भूत मराठीच बोलतं आणि त्याची तक्रार आपल्याला शब्दन्‌शब्द कळते. पण आवडता कसा म्हणू? तो मी पुन्हा लावलेला नाही, लावणारही नाही. आवडता म्हणजे जो टीव्हीवर अर्ध्यात सापडला तरी रिमोट खाली ठेवायला लावतो.

तसा एकच आहे, आणि तो मराठी नाही, हिंदीही नाही.

१९९३ साली, म्हणजे तात्या विंचूच्याच वर्षी, मल्याळममध्ये फाझिल यांचा ‘मणिचित्रताळ’ आला. बंद खोली, कुलूप, जुन्या नर्तकीची गोष्ट ऐकून ऐकून स्वतःलाच ती नर्तकी समजू लागलेली सून, आणि मांत्रिकाच्या जोडीला मनाचा डॉक्टर. पुढं त्याचा कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’ झाला, तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’, हिंदीत ‘भूलभुलैया’. यातली गंमत अशी की भूत दर वेळी परमुलखाचं आहे. मल्याळम सिनेमात ते तमिळ बोलतं, कन्नड आणि तमिळमध्ये तेलुगू, हिंदीत बंगाली. घरातली पोरगी अचानक परक्या भाषेत तोंड उघडते, तिथंच बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

आता हे सोलापुरात दाखवा.

आमच्या पूर्व भागात आम्ही ‘आप्तमित्र’ पाहिला तो शेजारच्या कन्नड घरात, सीडी लावून. घर कन्नड, त्यामुळं त्यांना सगळं कळत होतं. मला अर्धं कळत होतं, अर्धं चेहऱ्यावरून. पलीकडच्या तेलुगू घरातल्या अक्का मांडीवर सूप घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुपात कातरलेली पानं, तंबाखूची ढीगली, शेजारी दोऱ्याचं रीळ. पानावर चिमूट, एक वळसा, टोक नखानं आत दाबलं, दोरा, झाली विडी. हिशोब हजारावर असतो, त्यामुळं सिनेमा असो की मयत, हात थांबत नाहीत. सुनेचं काम करणाऱ्या सौंदर्या या नटीनं एका हातानं पलंग उचलला तेव्हा मी उशी तोंडावर धरली, पण अक्कांची विडी वळून झाली होती.

मग नागवल्ली, म्हणजे ती जुनी नर्तकी, तेलुगूत बोलायला लागली. कन्नड घर एकदम गप्प. त्या घरच्या आजी म्हणाल्या, ‘‘एन अंताळ?’’ म्हणजे काय म्हणतेय ही, आणि सगळ्या माना अक्कांकडं वळल्या. अक्का सुपातून नजर न उचलता म्हणाल्या, ‘‘या या म्हणून बोलवूलालीय की. नाचायला बोलवूलालीय. त्यात घाबरायचं काय रे?’’

संपलं भूत! दिग्दर्शक पी. वासू यांनी एवढ्या मेहनतीनं परकं केलेलं ते भूत अक्कांनी एका वाक्यात गल्लीतलं करून टाकलं. ज्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच नळावर भांडतात, तिथं भुतानं बोलावं तरी कुठल्या भाषेत?

मात्र गाणं संपेपर्यंत अक्कांचे हात थांबले होते, हे मी पाहिलं. सौंदर्याला त्या ‘आमची’ म्हणायच्या, कारण ती तेलुगू सिनेमांची राणी. आणि आजीही ‘आमची’ म्हणायच्या, कारण ती जन्मानं कोलारकडची. २००४ च्या एप्रिलमध्ये बंगळूरजवळ विमान कोसळून ती गेली, आणि सिनेमा लागला ऑगस्टमध्ये. हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीच काही बोललं नाही.

‘मूळ बघ, मूळ,’ असं म्हणणारे मित्र मलाही आहेत. बघितलंय. शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो वाजवीच होता. त्या नाचापुढं बाकी सगळ्यांनी हात जोडावेत. ‘भूलभुलैया’तली विद्या बालनही उणी नाही. तरी माझं मत ‘आप्तमित्र’लाच, आणि त्यात न्याय वगैरे काही नाही. ज्या भुताचं बोलणं मला आयत्या दुभाष्यासकट मिळालं, त्याला सोडून मी कुठं जाऊ?

अक्कांना मात्र हे मान्य नाही. मागं एकदा त्यांना त्यांचा आवडता विचारला तर त्यांनी १९५७ चा ‘मायाबझार’ सांगितला. ‘‘अहो अक्का, तो भुताचा नाही,’’ मी म्हणालो.

‘‘घटोत्कच राक्षसच हाय की!’’ त्या म्हणाल्या. ‘‘रंगारावांचा. नुसतं किंचाळत फिरत नाही, लग्नघरात बसून पोटभर जेवतो.’’