सहा आणि एक

आमचं घर वडोद्याच्या दांडिया बाजारात. ओसरीवरच माझं बाण दुरुस्तीचं टेबल आहे. त्या रात्री साडेआठला एक मुलगी वडिलांबरोबर आली. तिची तिरंदाजीची निवड चाचणी दोन दिवसांवर होती. सत्तर मीटरवर तिचे बाण सारखे डावीकडे जात होते. रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. ते उजव्या हाताने ओढणारीचे बाण असे जातात तेव्हा ते बहुतेक वेळा धनुष्याच्या मानाने ताठ असतात. प्रशिक्षकांनी शंभर ग्रेन वजनाचे पॉइंट, म्हणजे बाणाची पोलादी टोकं, काढून एकशेवीसचे बसवायला सांगितलं होतं. टोक जड झालं की सुटताना शाफ्ट, म्हणजे बाणाची कार्बनची नळी, जास्त लवतो.

काम साधं वाटलं, पण पॉइंट इपॉक्सीने, म्हणजे पक्क्या गोंदाने, चिकटवलेले निघाले. "लक्ष्यात अडकून राहायचे हो, म्हणून मीच घट्ट बसवले," वडील म्हणाले. ते सोडवायला बारांपैकी चार बाण त्यांनी घरी गॅसवर धरून बघितले होते.

त्या चारांवर बाहेरून काहीच दिसत नव्हतं. मी एक कानाशी धरून हलकेच वाकवला. बारीक कुरकुर ऐकू आली, वाळलेलं पान चुरगाळावं तशी. कार्बनचे धागे ज्या रेझिनने बांधलेले असतात ते तापून कमकुवत होतं आणि थर सुटतात. असा बाण सोडताना दोरीच्या धक्क्याने फुटला तर कुसळं थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. चौघांतून तोच आवाज आला. वडील म्हणाले, "भाऊ, निदान सरावाला तरी?" मी नाही म्हणालो. ओल्या फडक्यात धरून चारही कापले, कागदात गुंडाळून चिकटपट्टी लावली. त्यांचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं, पण यात मी तडजोड करत नाही.

उरले आठ. आंच द्यायची ती पोलादाला, कार्बनला नाही. स्पिरिटच्या दिव्यावर पॉइंटचं फक्त टोक धरायचं आणि पॉइंटलगतचा शाफ्ट उघड्या बोटांत ठेवायचा. बोटांना सोसेना की कार्बनलाही सोसत नाही, लगेच थांबायचं. मग पकडीने टोक धरून पीळ देत ओढायचं. नाही आलं तर पाण्यात गार करून पुन्हा. हॉट मेल्ट ग्लू, म्हणजे तापवला की वितळणारा गोंद, असता तर पहिल्या-दुसऱ्या खेपेला सुटलं असतं. पहिल्या बाणाला अकरा खेपा लागल्या. सहाव्या बाणापर्यंत माझी बोटं हुळहुळली होती, तेव्हा मुलगी म्हणाली, "काका, शाफ्ट मी धरते. तापला की सांगते." तिने खरंच प्रत्येक वेळी वेळेवर सांगितलं.

आठवा सुटला नाही. जास्त आंच दिली असती तर सुटलाही असता, पण मग त्या शाफ्टचा भरवसा मला राहिला नसता. तो तसाच ठेवला.

बाकी सातांचं आतलं तोंड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसलं, पूर्ण वाळू दिलं. नव्या पॉइंटच्या दांडीवर हॉट मेल्ट वितळवला, फिरवत आत दाबला आणि बाण गार पाण्यात बुडवला. एका फेरीला सहा लागतात, एक वरकड. चाचणीला जेमतेम पुरतील एवढे.

साडेबारा वाजले होते. मी डबा भरायला घेतला तर तिने तो माझ्या हातून काढून घेतला. एकेक बाण कानाशी नेऊन वाकवला, फिरवून पुन्हा वाकवला, आणि मगच आत ठेवला. वडील शेजारी श्वास रोखून ऐकत होते.