दाम म्हणजे मूठभर सळया

'दाम करी काम' म्हणताना आपल्या तोंडी एक ग्रीक शब्द असतो. दामचं मूळ 'द्राखमी'. त्यामागचं क्रियापद 'द्रास्सोमाइ', म्हणजे मुठीत धरणं. मुठीत काय, तर लोखंडी सळया. मांस भाजायच्या सळईला ग्रीक लोक 'ओबेलोस' म्हणत आणि त्यावरूनच 'ओबोल' या छोट्या नाण्याचं नाव पडलं. मुठीत सहा मावतात म्हणून सहा ओबोलांचा एक द्राखमा, असं प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो. व्युत्पत्ती जरा जास्तच सोयीची वाटते खरी. पण ग्रीसमधल्या आर्गोसजवळच्या हेरा देवीच्या देवळात तसल्या सळयांचा जुडगाच सापडला आहे.

पुढे हेच नाव वजनाचं झालं आणि चांदीच्या नाण्याचंही. अथेन्सचा द्राखमा सुमारे ४.३ ग्रॅमचा, तर एजिना बेटाचा ६ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे जुन्या मजकुरात 'द्राखमा' दिसला की लगेच ग्रॅम मोजू नयेत, आधी गाव विचारावं. इंडो-ग्रीक राजांनी तर भारतात तो साधारण अडीच ग्रॅमवर आणला.

संस्कृतात त्याचा 'द्रम्म' झाला. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त सुरुवातीलाच कोष्टक दिलंय: २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. म्हणजे एका द्रम्माच्या १२८० कवड्या. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांतही द्रम्म आहेत. अरबांचा दिरहम हा याच घराण्यातला.

संस्कृतात द्रम्म, प्राकृतात दम्म, मराठीत दाम. कर्म, कम्म, काम. चर्म, चम्म, चाम. म्हणीतले दाम आणि काम एकाच जात्यातून निघालेत. अकबराच्या काळी दाम तांब्याचा झाला, रुपयाला ४०. त्याचा आठवा हिस्सा म्हणजे दमडी, चमडी गेली तरी न सुटणारी.

दोन ठिकाणी मात्र हमखास फसायला होतं. दामोदरातला दाम वेगळा. तो संस्कृत 'दामन्', म्हणजे दोरी. गोठ्यातलं दावं त्याचंच. आणि 'साम, दाम, दंड, भेद' यात मुळात दामच नाही. जुन्या संस्कृत ग्रंथांत तिथे 'दान' आहे. सामाशी यमक जुळलं आणि दाम आत शिरला.